टायरपासून वर: मिश्र वाटांसाठी बांधलेली सायकल

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवरही चालणारी सायकल, बांधायची म्हटले की बहुतेक जण आधी फ्रेम शोधू लागतात, तिचा धातू आणि रंग ठरवतात, मग गिअरच्या संचावरून वाद घालतात आणि टायर मात्र सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत बसतील ते घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. डांबर, खडी, मुरूम, चिखल वाळून कडक झालेली चाकोरी आणि मधूनच भुसभुशीत वाळू अशा मिश्र वाटांवर सायकल कशी चालेल, हे मुख्यतः टायरची रुंदी आणि त्यातला हवेचा दाब ठरवतो. फ्रेमचे काम तो टायर सामावून घेण्याचे, आणि गिअर, ब्रेक व हँडल यांचे काम स्वाराला त्या टायरचा पुरता उपयोग करू देण्याचे. म्हणून मी माझी सायकल टायरपासून वरच्या दिशेने बांधली. ती बांधताना घेतलेले निर्णय आणि त्यांमागची कारणे त्याच क्रमाने मांडतो.

खडबडीत वाटांवर सायकली आता कुठे धावू लागल्या आहेत, असे अर्थातच नाही. इंग्लंडमध्ये १९५५ साली स्थापन झालेल्या रफ स्टफ फेलोशिपचे सभासद साध्या टूरिंग सायकली घेऊन डोंगरवाटा तुडवत होते. ग्रॅव्हल हा स्वतंत्र प्रकार म्हणून रुळला तो अमेरिकेत कॅन्ससमधील एम्पोरिया येथे २००६ साली सुरू झालेल्या २०० मैलांच्या शर्यतीसारख्या स्पर्धांमुळे, आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने इटलीच्या व्हेनेतो भागात त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल-गवतातल्या शर्यतींची सायकल दिसायला जवळजवळ अशीच असते, परंतु त्या खेळात टायरच्या रुंदीवर ३३ मिमीची मर्यादा आहे आणि फ्रेमही त्याच हिशेबाने घडवलेल्या असतात. वापरलेली सायक्लोक्रॉस फ्रेम स्वस्तात मिळत असली, तरी आधी तिच्या मागच्या चाकाजवळची जागा मोजावी आणि मगच हात घालावा.

टायर रुंद का घ्यायचा, याचे उत्तर आराम एवढेच नाही. टायरच्या कवचावर येणारा ताण आतला दाब आणि टायरची त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. २८ मिमीच्या टायरमध्ये ८० पीएसआय दाब असताना कवच जितके ताणलेले असते, तितकेच ते ४० मिमीच्या टायरमध्ये ५६ पीएसआयलाच ताणले जाते. त्यामुळे रुंद टायरमध्ये जुन्या सवयीने तेवढाच दाब भरणारा स्वार प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा अधिक टणक टायर चालवत असतो आणि रुंद टायर जड चालतो अशी तक्रार करत असतो. खडीवर टणक टायर प्रत्येक दगडागणिक सायकल आणि स्वार दोघांनाही उचलतो, आणि त्या उचलण्यात खर्च झालेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. मऊ टायर तोच दगड पोटात घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. माझे, सायकलचे आणि सामानाचे वजन मिळून शंभर किलोच्या आत राहते. ४० मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयच्या आसपास दाब ठेवतो, वाटेत डांबर जास्त असेल तर तो चार-पाच पीएसआयने वाढवतो. दाब याहून फार उतरवला की वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटतो आणि टोकदार दगडावर रिम आपटल्याचा खणखणीत आवाज येतो. हा आवाज ऐकू आला की खालची मर्यादा कळली असे समजावे.

टायरच्या नक्षीबद्दल जितके बोलले जाते तितके तिचे महत्त्व नाही, असे माझे मत झाले आहे. कडक जमिनीवर पसरलेल्या सुट्या खडीत कोणताही टायर थोडा घसरणारच, आणि तेथे नक्षीपेक्षा कमी दाब अधिक उपयोगी पडतो. नक्षीचा खरा फायदा चिखलात, ओल्या गवतात आणि मऊ मातीत होतो, आणि चिखलात तर तिच्याइतकीच टायर व फ्रेम यांच्यामधली मोकळी जागाही महत्त्वाची ठरते. मध्यभागी जवळजवळ गुळगुळीत आणि कडांना मध्यम उंचीचे उंचवटे असलेला टायर डांबरावर गुरगुरत नाही आणि वळणावर मातीही धरतो. मागे-पुढे दोन्हीकडे मी तोच वापरतो.

यानंतर चाकाचा व्यास ठरवायचा. ७००सी रिमवर टायरची कड जेथे बसते तेथला व्यास ६२२ मिमी असतो आणि ६५०बी रिमवर ५८४ मिमी. टायरची उंची त्याच्या रुंदीइतकीच धरली, तर ६५०बी रिमवरील ४७ मिमीच्या टायरचा बाहेरचा व्यास ६७८ मिमी येतो, आणि ७००सी रिमवरील २८ मिमीच्या टायरचाही नेमका तेवढाच येतो. एकाच फ्रेममध्ये चाकांचे दोन जोड ठेवण्याची कल्पना या गणितावरच उभी आहे. मात्र ज्या फ्रेमची आखणी ७००सीच्या ४० मिमी टायरसाठी झाली आहे, तिच्यात ६५०बीचे ४७ मिमी टायर घातले की चाकाची त्रिज्या १२ मिमीने कमी होते, पेडलचा आस तेवढाच जमिनीजवळ येतो आणि उंचसखल वाटेवर पेडल दगडाला लागू लागते. लहान बांध्याच्या स्वारांसाठी ६५०बीचा पर्याय खरोखर चांगला आहे, कारण लहान फ्रेममध्ये हँडल वळवताना पावलाचा पुढचा भाग चाकाला लागण्याचा त्रास त्यामुळे कमी होतो. माझी फ्रेम मध्यम मापाची असल्याने मी ७००सीवर थांबलो.

रिमची आतली रुंदी ४० मिमीच्या टायरसाठी २१ ते २५ मिमी असावी. अरुंद रिमवर टायर फुग्यासारखा वर निमुळता उभा राहतो. हल्ली टायरला धरणारी आकडेदार कड नसलेल्या, म्हणजे हुकलेस रिमही मिळतात. त्यांवर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयपेक्षा जास्त दाब भरता येत नाही आणि त्यांना चालणारेच टायर लावावे लागतात. खडीवर आपण त्या दाबाच्या जवळपासही जात नाही, परंतु तीच चाके अरुंद टायर लावून डांबरावर वापरण्याचा विचार असेल तर ही अट आधीच लक्षात घ्यावी. मी कड असलेली ॲल्युमिनियमची रिम, प्रत्येक चाकाला ३२ आरे आणि पितळी निपल अशी साधी जुळणी निवडली. वजन थोडे वाढले, पण अशा चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, कोणत्याही दुकानात काढून मिळतो आणि वाटेत एखादा आरा तुटला तरी चाक घरापर्यंत येते. डिस्क ब्रेकच्या पुढच्या चाकात डिस्कच्या बाजूचे आरे अधिक ताणलेले असतात आणि मागच्या चाकात कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दात्यांच्या संचाच्या बाजूचे. आऊट काढताना दोन्ही बाजूंना सारखाच ताण आणायला गेले तर रिम मध्यरेषेवरून सरकते.

ट्यूबलेस टायर बसवणे हे काम पहिल्यांदा वैताग आणते, कारण त्यात यश मिळेपर्यंत काहीच घडल्यासारखे वाटत नाही. रिमचा आतला पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडा करायचा, टेप दोन्ही हातांनी ताणून धरत आऱ्यांच्या भोकांवरून फिरवायची आणि अंगठ्याने खाचेत दाबत न्यायची. टेपखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पुढे आत घालायचा छिद्रे बुजवणारा द्रव तेथूनच वाट काढतो. मग टायर चढवून त्याच्या कडांना साबणाचे पाणी लावायचे, व्हॉल्व्हचा गाभा काढून ठेवायचा आणि जोराने हवा सोडायची. काही क्षण नुसता फसफस आवाज येत राहतो, टायर हलतो आणि पुन्हा खाली बसतो. त्यानंतर अचानक एका बाजूची कड रिमच्या खाचेत सरकते, ठाप असा आवाज होतो, पाठोपाठ दुसरा, तिसरा होतो, आणि टायरच्या कडेवरची बारीक उठावाची रेषा रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसू लागते. ती रेषा एखाद्या ठिकाणी रिमखाली बुडालेली दिसली तर तेथे कड बसलेली नाही. हवा सोडून पुन्हा साबण लावावा. टायर नीट बसल्यावर व्हॉल्व्हमधून ६० ते ९० मिली द्रव आत सोडायचा, गाभा परत लावायचा, हवा भरायची आणि चाक सर्व बाजूंनी फिरवून घ्यायचे. हा द्रव काही महिन्यांत आटतो, उष्ण हवेत आणखी लवकर आटतो, त्यामुळे अधूनमधून व्हॉल्व्हमधून बारीक काडी घालून त्याची पातळी पाहावी लागते.

आता फ्रेम. फ्रेमच्या माहितीपत्रकात ‘कमाल ४५ मिमी’ असे लिहिलेले असते, पण टायरवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षातली रुंदी यांत फरक पडतो. ४० मिमीचा टायर रुंद रिमवर ४१ किंवा ४२ मिमी भरू शकतो, आणि नवा टायर हवा भरून एक-दोन दिवस ठेवल्यावर किंचित फुगतोही. म्हणून मी व्हर्निअर घेऊन टायरची सर्वांत रुंद जागा आणि त्या जागेसमोरील दोन्ही चेनस्टेमधले, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांमधले अंतर मोजले. प्रत्येक बाजूला निदान ६ मिमी जागा उरलेली असावी, असे मी धरले आहे. चाकाचा आऊट थोडा वाढला, टायरला चिखल लागला किंवा जोराने पेडल मारताना चाक जरासे झुकले, तर त्या ६ मिमीतच सारे भागवायचे असते. ही जागा कमी असलेल्या सायकलींच्या चेनस्टेच्या आतल्या बाजूला रंग खरवडून धातू उघडा पडलेला दिसतो. वापरलेली फ्रेम घेताना सर्वांत आधी तेथे बोट फिरवून पाहावे.

ही जागा वाढवणे फ्रेम बांधणाऱ्यांना इतके अवघड का जाते, हे पेडलच्या आसामागे वाकून पाहिले की कळते. तळहाताएवढ्या जागेत टायर, चेनस्टे, पुढच्या दात्या आणि क्रँक या चौघांनाही बसायचे असते. टायर रुंद केला की चेनस्टे बाहेर सरकतो, आणि तो बाहेर सरकला की दात्यांना अडतो. त्यावर उपाय म्हणून काही फ्रेममध्ये उजवा चेनस्टे खाली वाकवलेला असतो, तर शिमानो कंपनीने २०१९ मध्ये आणलेल्या ग्रॅव्हलसाठीच्या जीआरएक्स या गिअर संचात साखळीची रेषाच रस्त्याच्या संचापेक्षा २.५ मिमीने बाहेर नेली. त्यामुळे जीआरएक्सच्या क्रँकसोबत पुढचा डिरेलरही, म्हणजे साखळी एका दातीवरून दुसरीवर सरकवणारा भागही, त्याच संचातला घ्यावा लागतो. रस्त्याच्या सायकलचा डिरेलर बाहेरच्या दातीपर्यंत नीट पोहोचत नाही.

धातूच्या वादात मी फार पडत नाही. मी पोलादी फ्रेम घेतली, कारण तिच्यावर दगडाचा टवका उडाला तर काळजी वाटत नाही आणि गरज पडल्यास झाळता येते. पोलादी फ्रेमच्या नळ्यांत आतून गंजरोधक तेल फवारावे आणि सीटची ॲल्युमिनियम नळी ग्रीस लावूनच आत घालावी, नाहीतर दोन धातू एकमेकांना असे धरून बसतात की पुढे ती नळी कापून काढावी लागते. चाकाच्या आसाची माहिती मात्र बारकाईने वाचावी. पुढे १२ × १०० आणि मागे १२ × १४२ मिमीचे थ्रू-ॲक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारे आस, हे आता या प्रकारात रुळलेले माप आहे. जुन्या डिस्क फ्रेममध्ये मागे १३५ मिमीचा क्विक-रिलीज असतो, आणि काही माउंटन सायकलींमध्ये १४८ मिमी. ॲक्सलची लांबी आणि आट्यांचे अंतर कंपनीगणिक बदलते, त्यामुळे फ्रेमसोबत मूळ ॲक्सल मिळतो आहे ना, हे विचारून घ्यावे.

फ्रेमच्या भूमितीत मी दोनच आकडे तपासतो. पहिला हँडलच्या नळीचा कोन आणि दुसरा फोर्कचा पुढे वळलेला भाग, कारण या दोहोंतून ट्रेल ठरतो. हँडलच्या नळीची रेषा जमिनीला जेथे मिळते तो बिंदू आणि टायर जमिनीला टेकतो तो बिंदू यांच्यातले अंतर म्हणजे ट्रेल. रस्त्याच्या सायकलमध्ये ७३ अंशांचा कोन, ४५ मिमीचा फोर्क आणि २५ मिमीचा टायर धरला तर ट्रेल सुमारे ५६ मिमी येतो. माझ्या फ्रेमचा कोन ७१ अंश, फोर्क ५० मिमी आणि टायर ४० मिमी असल्याने तो ६८ मिमी येतो. वाढलेल्या ट्रेलमुळे सुट्या खडीवर पुढचे चाक स्वतःहून सरळ राहू पाहते, आणि त्याची किंमत म्हणून अगदी हळू चढताना हँडल बाजूला पडल्यासारखे वाटते. पुढे ४५ मिमीचा टायर घातला तर ट्रेल त्रिज्येमुळे सुमारे १.७ मिमीने वाढेल आणि पुढचा भाग उचलला जाऊन कोन साधारण पाव अंशाने झुकल्यामुळे आणखी तितकाच. एवढा फरक सवयीने पचतो, त्यामुळे पुढे रुंद आणि मागे जरा अरुंद असे मिश्रण करायला हरकत नसते.

पेडलच्या आसासाठी मी आट्यांची बीएसए पद्धत हट्टाने मागितली. तिची नळी ६८ मिमी रुंद असते आणि बेअरिंगचे कप साध्या पान्याने घट्ट होतात. ठोकून बसवण्याच्या पद्धतीत धूळ-चिखल गेल्यावर जी करकर सुरू होते तिचा उगम शोधण्यात वेळ घालवण्याची माझी तयारी नाही. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे तो कप घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून घट्ट करावा लागतो. फ्रेम रंगवताना आट्यांत रंग गेलेला असेल तर कप बसवण्याआधी दुकानातून आटे साफ करून आणि नळीच्या कडा समपातळीत कापून घ्याव्यात.

गिअरच्या बाबतीत पुढे एक दाती की दोन, हा वाद न संपणारा आहे. मी तो माझ्यापुरता आकड्यांनी मिटवला. ४० मिमी टायरचे ७००सी चाक एका फेरीत सुमारे २.२ मीटर जाते. पुढे ४० आणि मागे ४२ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल २.१ मीटर पुढे जाते, आणि मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या तर ताशी ६.३ किमी वेग मिळतो. त्याहून हळू चढायचे तर पाय अडखळू लागतात. त्याच संचाचा वरचा गिअर ४० × ११ असतो आणि मिनिटाला ९० फेऱ्यांवर तो ताशी ४३ किमीपर्यंत नेतो, जे मला पुष्कळ झाले. दोन दात्यांचा ४६/३० क्रँक आणि ११–३४ कॅसेट घेतली तर पुढच्या-मागच्या दातांचे गुणोत्तर सर्वांत हलक्या गिअरला ०.८८ आणि सर्वांत जड गिअरला ४.१८ येते, म्हणजे एकूण पल्ला ४७४ टक्के. एका दातीच्या वरील जुळणीचा पल्ला ३८२ टक्केच भरतो. तेरा दात्यांच्या कॅसेटची कॅम्पाग्नोलो एकार ९–४२ दातांनी ४६७ टक्क्यांपर्यंत जाते, पण तिच्या सुट्या भागांसाठी सर्वस्वी त्याच संचावर अवलंबून राहावे लागते.

मी दोन दात्या निवडल्या. सामान लादून लांब चढ चढताना लागणारा हलका गिअर हे त्याचे मुख्य कारण. एका दातीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे एक म्हणणे मला पटते: चिखलात पुढचा डिरेलर हा बिघडणारा आणखी एक भाग असतो आणि तो नसला की टायरलाही थोडी अधिक जागा मिळते. ज्यांच्या वाटा सतत चिखलाच्या किंवा लहान-लहान चढउतारांच्या आहेत त्यांनी एक दाती घ्यावी. मागचा डिरेलर निवडताना मात्र त्याची क्षमता, म्हणजे दातांचा एकूण किती फरक तो सांभाळतो हे, तपासलीच पाहिजे. पुढच्या दात्यांतला फरक १६ आणि कॅसेटमधला फरक २३ मिळून ३९ होतात. जीआरएक्सच्या अकरा गिअरच्या दोन दात्यांसाठीच्या डिरेलरची क्षमता ४० आहे, म्हणजे काम जेमतेम भागते. तो डिरेलर ३४ दातांपर्यंतच चालतो, आणि ४२ दातांसाठी असलेला डिरेलर एकाच दातीसाठी बनवलेला असतो.

वेगवेगळ्या संचांतले भाग एकत्र करणाऱ्यांनी तारेच्या ओढीकडे लक्ष द्यावे. लिव्हरच्या एका टप्प्याला किती तार ओढली जाते आणि तेवढ्या तारेवर डिरेलर किती सरकतो, हे दोन्ही जुळले तरच गिअर नेमका पडतो. शिमानोच्या नऊ गिअरपर्यंत रस्त्याचे आणि माउंटनचे भाग एकमेकांशी जुळत, दहा गिअरपासून ते वेगळे झाले. मध्ये ओढ बदलणारी छोटी चकती घालून ते जुळवता येतात, पण नवी बांधणी करताना अशा तडजोडीची गरज पडू नये. डिरेलरला साखळी ताणून धरणारा क्लच असणे मात्र मी आवश्यक मानतो, कारण त्याशिवाय खडीवर साखळी चेनस्टेवर सतत आपटते. त्या चेनस्टेला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की उरलेला आवाजही जातो.

ब्रेकमध्ये द्रवदाबाचे डिस्क ब्रेक निर्विवाद सरस आहेत आणि लांब उतारावर हात थकत नाहीत, तरीही मी तारेवर चालणारे दुहेरी पिस्टनचे कॅलिपर निवडले, कारण वाटेत तार बदलता येते आणि नळीतली हवा काढण्याचा खटाटोप करावा लागत नाही. या निवडीत एक अट पाळावी लागते. ब्रेकसाठी दाबाखाली आखूड न होणारे, खास डिस्कसाठीचे आवरण घ्यावे लागते, नाहीतर लिव्हर स्पंजासारखी दबते. गिअरच्या तारेचे आवरण ब्रेकला कधीही वापरू नये. त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने समांतर असतात आणि ब्रेकच्या जोराने ते फाटू शकते. द्रवदाबाचे ब्रेक घेणाऱ्यांनी आपल्या ब्रेकमध्ये खनिज तेल आहे की डॉट द्रव, हे नीट पाहावे. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सीले खराब होतात. डिस्क पुढे-मागे १६० मिमीच्या आहेत. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, वेग उतरवण्याची क्रिया वीसेक वेळा करावी. सुरुवातीला ब्रेक नुसता घासल्यासारखा वाटतो आणि हळूहळू लिव्हर दाबताच चाक जागेवर धरले जाऊ लागते.

हँडलच्या निवडीत माणसाच्या अंगाचा प्रश्न येतो, आणि तेथे कोणाचे माप कोणाला लागू पडत नाही. खालच्या बाजूला बाहेर फाकलेले हँडल उतारावर हातांना रुंद पकड देते. १२ ते १६ अंशांचा फाकाव बहुतेकांना पुरतो, आणि त्याहून जास्त असेल तर ब्रेकच्या लिव्हर आत झुकून वरच्या पकडीत मनगट वाकडे पडू लागते. ग्रॅव्हल फ्रेम सहसा रस्त्याच्या फ्रेमपेक्षा लांब असते आणि आखूड स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा आडवा तुकडा, गृहीत धरून आखलेली असते; तिला जुना लांब स्टेम लावला की स्वार ताणला जातो, वजन पुढच्या चाकावर येते आणि वाळूत ते चाक रुतते. खांद्यात ताण न येता कोपर किंचित वाकलेले राहतील इतक्या अंतरावर हात पोहोचावेत, एवढी कसोटी मी लावली. जुन्या माउंटन सायकलला खाली वळणारे हँडल लावून ग्रॅव्हल सायकल करण्याचा बेत बहुधा याच ठिकाणी अडतो, कारण तिची वरची नळी सरळ हँडलसाठी आखलेली असते आणि नव्या हँडलची पुढची लांबी तिच्यात मिळवली की हात फार पुढे जातात.

फोर्कची नळी कापण्याची घाई करू नये. मी ती लांबच ठेवली, स्टेमच्या खाली आणि वर कड्या भरल्या, काही आठवडे तशीच चालवली आणि उंची पक्की झाल्यावरच कापली. हेडसेट, म्हणजे फोर्कच्या नळीची बेअरिंग, घट्ट करताना वरच्या टोपीचा स्क्रू बेअरिंगचा खेळ काढण्यापुरताच असतो. स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल ठेवून तो हळूहळू आवळायचा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहायची, खटखट थांबली की स्टेम पुढच्या चाकाशी सरळ जुळवून बाजूचे बोल्ट आवळायचे. स्टेमचे बोल्ट साधारण ५ ते ६ न्यूटन मीटरवर आणि कॅसेटचे कडे ४० न्यूटन मीटरवर आवळतात. दोन्हींतला फरक हाताच्या अंदाजावर सोडण्यासारखा नसल्यामुळे टॉर्क पाना घ्यावा, विशेषतः एखादा भाग कार्बनचा असेल तर.

बाकीच्या सजावटीत मी हात आखडता घेतला. हँडलची टेप सपाट भागावर दुहेरी गुंडाळली, फोर्कच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टना पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पिशवी घेतली, कारण सीटमागे लोंबणारे वजन खडीवर शेपटीसारखे हलते. पुढच्या चाकात डायनॅमो हब घातला आहे. ६ व्होल्ट आणि ३ वॉटवर चालणारे हे दिवे हळू चढावर मंद होतात, म्हणून उभे राहिल्यावरही काही वेळ जळत राहणारा मागचा दिवा निवडला.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर नवी सायकल पुन्हा पान्याखाली घ्यावी लागते. आवरणे आपापल्या जागी दबतात आणि गिअरची तार सैल पडते, तेव्हा डिरेलरजवळचा तार ताणणारा गोल स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून ती ओढून घ्यावी. आरे बसताना चाकाचा थोडा आऊट निघतो, डिस्कचे आणि बाटल्यांच्या जाळ्यांचे बोल्ट खडीच्या हादऱ्यांनी सुटू पाहतात. त्यांना मध्यम ताकदीचा आटेबंद चिकटद्रव लावला तर पुन्हापुन्हा पाहावे लागत नाही. अकरा गिअरची साखळी ०.५ टक्के ताणली गेली की मी बदलतो. धुळीच्या वाटांवर ती वेळ डांबरापेक्षा बरीच लवकर येते, आणि तेथे चालढकल केली की साखळीसोबत कॅसेटही बदलावी लागते.